शिक्क्याखालची जेली

देवास, २० फेब्रुवारी २०२५

आक्कासाहेबांना प्रमोदिनीचा नमस्कार. पत्र पुढे वाचायचं नसेल तर वाचू नका, पण मग निदान कवठं तरी फोडू नका.

शुभंकर सांगत होता, तुम्ही हाटातून कवठं मागवलीत म्हणून. तुम्ही त्याला फोन करता, तासभर आत्या-भाचे बोलता. मी केला की तुमचा फोन नुसता वाजत राहतो. म्हणून हे पत्र. वर्षभर मी गप्प होते ती रागाने. आता गप्प बसवत नाही. सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं माझं.

आडपडदा न ठेवता लिहिते. चैत्रातल्या अष्टमीला शुभंकर धारला येणार, देवीपुढच्या कवठाच्या जेलीच्या बरणीचा शिक्का फोडणार आणि पहिला चमचा तोंडात घालणार, असं तुम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय. घरातल्या थोरल्या पुरुषाचा तो मान आहे, मला कुणी शिकवायला नको. तुमचे भाऊ होते तोवर ते फोडत, ते गेल्यावर शुभंकर. पण श्रावणात इंदूरला त्याच्या पोटात माझं मूत्रपिंड बसवलं. त्याच्या शरीराने ते परकं म्हणून हाकलून देऊ नये यासाठी तो रोज गोळ्या घेतो आणि त्या गोळ्या शरीराची राखणच झोपवून ठेवतात. तुमच्या-माझ्या पोटात जे निमूट जिरतं ते त्याला सरळ दवाखान्यात नेईल. डॉक्टरांनी बजावलंय, बुरशीचं, नासकं, उघडं राहिलेलं काही नको. माझं मूत्रपिंड आहे ते, आक्कासाहेब. त्याला तुमची बुरशी नको.

मागच्या अष्टमीचं तुम्ही लोकांना एक सांगता, मी एक सांगते. शिक्का फुटला, मेणाची चकती निघाली आणि खाली हिरवी लव होती. तुम्ही म्हणालात, "साखर वर आलीय," आणि चमच्याने बाजूला सारून तोच चमचा त्याच्यापुढे धरलात. पोरगा तेव्हा डायलिसिसवर होता. मी त्याचा हात धरला, बरणी उचलली आणि मोरीत पालथी केली. देवीचा प्रसाद मोरीत घालणारी सून म्हणून तुम्ही मला उंबरा बंद केलात. बरं केलंत. आज पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन.

दोष तुमच्या हाताचा नाही, मेणाचा आहे. आजेसासूबाईंच्या काळात दरबारच्या मुदपाकखान्यात घरचे कुणा साहेबाच्या खानसाम्याकडून ही जेली शिकले, तेव्हा वरून मेण ओतायचे. आपल्या लोकांनी त्यावर घराण्याचा शिक्का उठवला आणि नवसाची म्हणून ती देवीच्या पायाशी नेऊन ठेवली. तिथून ती हललेली नाही. पण मेण गार झालं की आकसतं, काचेपासून केसभर सुटतं. त्या फटीतून हवा जाते, हवेबरोबर बुरशी. वरची लव काढून भागत नाही, तिची मुळं खाली डोळ्यांना न दिसता पसरलेली असतात. अशी बरणी अख्खी टाकायची असते.

तेव्हा एवढं करा. बरण्या आधी पाण्यात उकळून घ्या. गरम जेली गरम बरणीत भरा, वर थोडी जागा ठेवा, काठ ओल्या फडक्याने पुसा. आतून रबर असलेलं पत्र्याचं कोरं झाकण लावा. मग ती बंद बरणी पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळा. तळाशी घडीचं फडकं घाला, नाहीतर काच तडकेल. बस, मेण नको.

उत्तर द्या. शिव्या घातल्यात तरी चालेल.

प्रमोदिनी

देवास, ३ मार्च

आक्कासाहेब,

कार्ड मिळालं. एकच ओळ: "नैवेद्य दोनदा चुलीवर चढत नाही." अक्षर तुमचं वाटलं नाही, घाईत लिहिलं असेल. पण उत्तर तुमचंच आहे, त्यात शंका नाही.

मी दोन दिवस त्या ओळीशी भांडते आहे. कपडे वाळत घालताना भांडले, भाजीवाल्याशी बोलताना मनातल्या मनात भांडले, त्याने एक किलो भेंडी जास्त बांधून दिली. माझं म्हणणं ऐका. नैवेद्य हा नैवेद्य कधी होतो? बरणीत भरला की? मग महिनाभर तुमच्या फडताळात जे असतं ते काय असतं? तुम्ही अष्टमीला ताटाभोवती पाणी फिरवता, तुळशीचं पान ठेवता, तेव्हा तो नैवेद्य. तोवर ती जेली आहे, आणि जेलीला बरणीसकट उकळलं तर पहिलाच स्वयंपाक पुरा होतोय, दुसरा नाही. पुरणपोळी तव्यावर टाकली म्हणून पुरण दोनदा शिजवलं असं आपण म्हणतो का?

शिक्क्याचंही सुचवते. झाकण बसलं, बरणी गार झाली की झाकणावर लाल मेण ओता आणि वर शिक्का उठवा. मान राहील आणि मेण जेलीला शिवणारही नाही. हे मला आंघोळ करताना सुचलं, तशीच ओल्या केसांनी येऊन लिहायला बसले आहे.

तुम्ही म्हणाल, ही हाटपिपल्याची, हिला आमच्या घराण्याची जेली काय ठाऊक. म्हणून मी स्वतः करून पाहिली. पहिली खेप रबरासारखी झाली. शुभंकर म्हणाला, "आई, ही तर चप्पल है." चूक माझी नव्हती, पुस्तकाची होती. त्यात लिहिलंय, पारा एकशेपाचवर गेला की जेली झाली. ते समुद्राकाठच्या लोकांसाठी. आपण माळव्याच्या पठारावर, इथे पाणीच शंभराच्या आधी उकळतं, मग जेलीही आधी होणार. मी पुस्तकाची वाट बघत ती आटवत राहिले. याच कारणाने बरण्याही दहा मिनिटं उकळायच्या. खाली नर्मदेकाठी धरमपुरीला पाच मिनिटं पुरतील, तिथे उकळतं पाणी जास्त तापतं.

दुसऱ्या खेपेला पारा फेकला आणि तुमची रीत धरली. चमचा तिरका केला, थेंब सुटे न पडता एकमेकांत मिसळून पट्टीसारखे ओघळले, की उतरवायची. निम्मी कच्ची, निम्मी पिकली कवठं घेतली, कारण धरण्याचा गुण कच्च्यात असतो. फडक्यातून रस आपोआप ठिबकू दिला. पिळायला हात शिवशिवत होते, पण पिळलं की गढूळ होते हे तुम्हीच मला लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला शिकवलं होतंत. माझ्या बोटांवर चापट मारून.

साखर कमी करू नका बरं. आजकाल शुगरच्या भीतीने लोक निम्मी घालतात. साखर गोडीपुरती नसते, नासण्यापासून ती राखते. रसाइतकी साखर आणि वर लिंबू.

बरण्या ओट्यावर ठेवल्या आणि बसून राहिले. गार होताना झाकण मधोमध आत ओढलं जातं, तेव्हा टक् असा आवाज होतो. तो झाला की हवा बंद. तीन वाजल्या, चौथी वाजेना. मी दर थोड्या वेळाने जाऊन तिला बोटाने दाबायची, झाकण पुन्हा वर यायचं. शुभंकर म्हणाला, एका बरणीसाठी एवढी तगमग कुणी करतं का. ती बरणी फ्रीजमध्ये टाकली, ती लगेच संपवायची. मला त्या चौथीचीच भीती आहे, आक्कासाहेब. बाकी सगळ्या नीट असल्या तरी एखादी नसते, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात.

प्रमोदिनी

देवास, ११ मार्च

आक्कासाहेब,

शुभंकरचा मित्र अंशुल औषधांच्या कंपनीच्या कामाला धारला निघाला होता. त्याच्याबरोबर नव्या बरण्या आणि नवी झाकणं पाठवली. तो आज आला, दारातच हसायला लागला.

"काकी, भुआजी ने बरनियाँ रख लीं, ढक्कन वापस कर दिए."

"का?"

"बोलीं, काच अच्छा है. ढक्कन शरबत की बोतल पे लगते हैं, देवी की बरनी पे नहीं."

मी पण हसले. मग तो गेला आणि मी ती झाकणं मोजली, एकही कमी नव्हतं. म्हणजे तुम्ही मेणच ओतणार. कदाचित ओतलंही असेल. शिवरात्र होऊन गेली, म्हणजे जेली झालीच असेल, आणि आत्ता या घडीला तुमच्या फडताळात त्या मेणाखाली काय चाललंय कुणास ठाऊक. उघडून बघायची सोय नाही. नैवेद्याचा वास घ्यायचा नाही, तो चाखायचा नाही, शिक्का अष्टमीच्या आधी फोडायचा नाही. जगात दुसरं कुठलं अन्न इतकं झाकून ठेवत असतील असं मला वाटत नाही.

काल शुभंकरशी भांडण झालं. मी म्हटलं, जा, पाया पड, शिक्का फोड, पण खाऊ नको. तर म्हणतो, "आई, वर्षातून एकदा तो है. एक चम्मच से क्या होता है?"

"बुरशी चमचे मोजत नाही," मी म्हटलं.

"और मना करूँ तो? मागच्या वर्षी तू बरणी फेकलीस, साल भर आत्यासाहेब रडल्या. यंदा मीही नाही म्हणू? त्यांचं माझ्याशिवाय कोण आहे, बता."

मला तुम्ही रडलात हे माहीत नव्हतं. तुम्ही रडता हेच मला माहीत नव्हतं. तुमचे भाऊ गेले तेव्हाही तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून सगळ्यांना पिठलं-भात वाढत होतात.

पण म्हणून माझं म्हणणं बदलत नाही. तो छत्तीसचा आहे, माझं ऐकेल असं वय राहिलेलं नाही. तुमचं ऐकतो. म्हणून तुमच्या मागे लागले आहे. फक्त एकदा फोनवर त्याला म्हणा, "शुभंकर, यंदा नको खाऊ." तुमच्या तोंडून गेलं तर मान तुमचाच राहील. एवढंच मागते. दुसरं काही मागितलंय का कधी तुमच्याकडे?

प्रमोदिनी

देवास, २० मार्च

आक्कासाहेब,

शुभंकर काल रंगपंचमीला तुमच्याकडे येऊन गेला. रंग खेळला नाही, तोंडाला फडकं बांधून होता, तेवढं माझं ऐकतो. परत आल्यावर जेवताना म्हणाला, "आत्यासाहेबांनी चहा कपाच्या बाहेर ओतला."

मी म्हटलं, हात थरथरत असेल. म्हणाला, "नाही आई. हात एकदम स्थिर होता. कपच दिसला नाही."

मग एकेक सगळं बाहेर आलं. देवीपुढची वात तुम्ही बोटाने चाचपून लावता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन टाळताय. आणि माझी पत्रं शेजारची अपूर्वा वाचून दाखवते! ती हिंदी शाळेतली मास्तरीण, मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षराला अडखळते म्हणे. म्हणजे मूत्रपिंड, मोरी, पारा, सगळं तिच्या तोंडून तुमच्या कानावर गेलं. आणि ते कार्डही तिच्याच अक्षरातलं. अपूर्वा बाळा, तू आत्ता हे वाचत असशील. तुझ्यावर राग नाही. पण पुढचं जरा हळू वाच.

आक्कासाहेब, मागच्या अष्टमीला तुम्हाला ती बुरशी दिसलीच नव्हती का?

साखर वर आलीय असं तुम्ही म्हणालात ते खोटं नव्हतं. तुम्हाला खरंच काहीतरी धूसर पांढरट दिसलं असेल आणि तुम्ही साखर समजलात. आणि मी सगळ्यांदेखत बरणी उलटी केली तेव्हा तुमच्या लेखी मी चांगला प्रसाद फेकला. "मला दिसत नाही," हे शब्द तुमच्या तोंडातून निघाले असते तर वर्ष वाचलं असतं. पण ते तुमच्या तोंडातून कसे निघणार, तुमचं नावच भवानीबाई ना.

मला राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. काल रात्रीपासून घरभर फिरते आहे. दिसत नसताना तुम्ही एकट्या उकळता पाक ढवळलात. तो पाण्यापेक्षा तापतो आणि अंगाला चिकटून बसतो. वर वितळलेलं मेण ओतलंत. मेण थेट आचेवर ठेवलं तर भडकतं, ते गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, हे तरी केलंत का? हातावर काही आहे का, मी शुभंकरला विचारलं. त्याने पाहिलं नाही. पुरुषांना काय दिसतं?

आता मी झाकणाबद्दल बोलत नाही. मला येऊ द्या. मी पुढच्या बसने येते, देवीपुरती नवी एक बरणी आपण दोघी मिळून करू, तुम्ही सांगा आणि मी ढवळते. चमचा तुम्ही धरा. माझी बोटं मध्ये आली तर चापट मारा.

प्रमोदिनी

देवास, ३१ मार्च

आक्कासाहेब,

पाडवा झाला. मी सकाळी कडुलिंब खाल्ला, गुढी उभारली, आणि दिवसभर फोनकडे बघत होते. तुम्ही शुभंकरला केलात. माझ्याबद्दल एवढंच म्हणालात, "तिला म्हणावं, काळजी करू नको, मी बघते."

तुम्हाला दिसत नाही हे आम्ही जाणतो, आणि तुम्ही म्हणताय मी बघते. काय बघता?

ठीक आहे. अष्टमीला मीही गाडीत येणार. उंबऱ्याच्या आत तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही, मलाही माझा मान आहे. बाहेर बसेन. ऊन असलं तर उन्हात बसेन. पण त्याने चमचा तोंडाशी नेला तर मी चपला घालून देवघरापर्यंत येईन, हे आधीच सांगून ठेवते. मग देवीने माझं काय करायचं ते करावं.

अपूर्वा, हे वाक्य गाळू नकोस.

प्रमोदिनी

देवास, ८ एप्रिल

आक्कासाहेब,

आधी कामाचं. पोट कसं आहे? खरं सांगा, अपूर्वाला मी फोन करून विचारणारच आहे. ताप, मळमळ काही वाटलं तर लपवू नका. फडताळात मेणाची अजून एक बरणी उरली असेल, ती कुणालाही देऊ नका, अपूर्वाच्या पोरांना तर नाहीच. डोळ्यांचं इंदूरला विचारलं आहे. आधी एक, मग दुसरा. तोवर तुम्ही इथे राहायचं. तुमची खोली शुभंकरने साफ केली, पंख्याचा खडखडाट आहे, तो बघू.

आता अष्टमीचं. तुम्ही म्हणाल, मी तिथेच होते, मला काय सांगतेस. पण तुम्हाला कुणाचे चेहरे दिसले नसतील, आणि मला ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मी पायरीखाली उभी होते, तिथून देवीचे टाक दिसतात. शुभंकर पाटावर बसला आणि बरणी घ्यायला वाकला तर पुढ्यात दोन. एक शिक्क्याची. दुसरी उघडी, निम्मी रिकामी. त्याने विचारलं, "आत्यासाहेब, ही कुणी खाल्ली?"

तुम्ही म्हणालात, "मी. पाडव्यापासून रोज खातेय. एकाच कढईतली आहे. मला काही झालं नाही. आता तू खा."

शुभंकरचा चेहरा असा झाला, मी तो ऑपरेशनच्या दिवशीही पाहिला नव्हता. अपूर्वाने तोंडावर हात धरला. आणि मी, आक्कासाहेब, एक पायरी वर चढले. ज्या बाईने जन्मात नैवेद्याचा वास घेतला नाही, तिने देवीच्या आधी खाल्लं. दरबारात राजाच्या आधी अन्न चाखायला माणूस ठेवत म्हणतात, तशा तुम्ही माझ्या पोरासाठी बसलात, देवीला मागे ठेवून. मी त्याला मूत्रपिंड दिलं ते डॉक्टरांनी शंभर तपासण्या करून, भूल देऊन. तुम्ही काय दिलंत ते मला लिहितासुद्धा येत नाही.

आणि तरी मी पायरीवरून ओरडले. "बरणी बरणी वेगळी असते, आक्कासाहेब! एक चांगली निघाली म्हणून दुसरी चांगली असं नसतं!"

त्यावर तुम्ही उघडी बरणी चाचपून त्याच्या हातात दिलीत. "मग ही घे. ही तर मी खाल्लेलीच आहे."

आठवडाभर उघडी, धारच्या उन्हाळ्यात, रोज चमचा बुडालेली. त्याच्यासाठी ती तर दुसरीहून वाईट! तुमची माया जितकी वाढत होती तितका माझा जीव खाली जात होता. शुभंकरने चमचा भरला. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मला कळलं, हा आता खाणार. विष असतं तरी खाल्लं असतं त्याने, तुमच्या हातचं.

चपला काढल्या की नाही मला आठवत नाही. मी आत आले आणि त्याच्या हातातून चमचा घेतला. तुम्हाला वाटलं असेल, आता ही पुन्हा मोरीकडे जाणार. मला तुमचे खांदे ताठ झालेले दिसले. पण मोरीचं मनात नव्हतं. तुम्ही एवढं केल्यावर ते फेकणं माझ्याने झालं नसतं, आणि पोराला देणंही झालं नसतं. मग एकच जागा उरली. मी चमचा माझ्याच तोंडाशी नेला.

अपूर्वा ओरडली, "भुआजी, काकी खा रही हैं!"

आणि तुम्ही पाटावरून उठून, समईला धक्का लावून, हवेत हात फिरवत माझं मनगट पकडलंत. केवढ्या जोराने! "अगं, तू नको! तू नको खाऊ! तुला एकच आहे ना आता!"

चमचा पडला. कुणी उचलला नाही. तुमचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ होता, डोळे दुधाळ, आणि तुम्ही रडत होतात. म्हणजे मला एकच उरलंय हे तुम्ही श्रावणापासून मनात धरून होतात. आणि तो चमचा मला नको, एवढं तुम्हाला कळलं होतं.

शुभंकरने दोन्ही बरण्या उचलून बाजूला ठेवल्या. देवीला साखर ठेवली, आम्हा सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट घातली. जेलीचं कुणी बोललं नाही. मग त्याने आरती सुरू केली, हिंदी-मराठी करत, मधली दोन कडवी चुकवत. अपूर्वाने घंटा वाजवली. मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. माझा हात तुमच्याच हातात होता.

तुमची,
प्रमोदिनी